पुढं न्या

आमच्या बीड जिल्ह्यात डोक्याला मार लागलेल्या माणसाला औषधाच्या आधी दोन शब्द मिळतात. ‘पुढं न्या.’ माणूस आष्टीत पडलेला असो नाहीतर घाटनांदुरात, तो गाडीतून उतरायच्या आधीच कोणीतरी आत डोकावतं, डोळ्यांत टॉर्च मारून बघितल्यासारखं करतं आणि हे दोन शब्द बोलून मोकळं होतं. पुढं म्हणजे कुठं, हे कोणी विचारत नाही. कोणाचं पुढं संभाजीनगर असतं, कोणाचं नगर, कोणाचं थेट पुणं. माणूस रस्त्यात गेला तर ‘पुढं नेत होतो’ एवढं समाधान घरच्यांना उरतं. मी इथं मेंदूच्या आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करायला लागून बरीच वर्षं झाली, पण या दोन शब्दांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. हा लेख त्या भांडणाचा आहे. कोणाला ही स्वतःची टिमकी वाटली तर खुशाल वाटू द्या.

मी घाटनांदूरची. वडील रेल्वेत गँगमन होते, हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालायचे. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणायची सवयही तिथंच सोडून दिली, असं वडील सांगायचे. मुंबईत शिकत असताना मी गावाकडं जाणार म्हटल्यावर आमचे एक सर चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. तिकडं डोकं उघडून घ्यायला येणार कोण, असं त्यांनी विचारलं. ज्यांची डोकी तिकडं फुटतात ते येतील, असं मी म्हणाले. सरांना ते उर्मट वाटलं. होतंच ते.

माजलगावला दवाखाना टाकला तेव्हा पहिले काही महिने माझ्याकडं फक्त गरोदर बायका आल्या. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची, हे इथं ठरलेलं आहे. मग ‘डोक्याच्या बाई’ असं नाव पडलं, आणि लोक ज्याचं डोकं फिरलंय त्याला घेऊन यायला लागले. एका गृहस्थानं दहावीतला मुलगा आणला. याच्या डोक्यात गणित शिरत नाही, एकदा उघडून बघता का म्हणाला. मी म्हटलं, उघडलं तर जे आहे तेही बाहेर येईल. तो मुलगा आता मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्याच्या बाजारात, आडत दुकान चालवतो आणि हिशेबात मला दहा वेळा विकून खाईल.

पहिली मोठी परीक्षा एका म्हाताऱ्यानं घेतली. धरणाच्या बाजूचा मोठा बागायतदार. दोन-अडीच महिन्यांपूर्वी गोठ्याच्या चौकटीला डोकं आपटलं होतं, ते सगळे विसरूनही गेले होते. मग म्हातारा नावं विसरायला लागला, डावा पाय ओढायला लागला, एके दिवशी धोतर गळ्यात घालून ओसरीवर आला. घरातले निम्मे म्हणत होते म्हातारपण, निम्मे म्हणत होते बाहेरचं काहीतरी. मुलगा त्याला घेऊन आला आणि मला विचारायला लागला, मोठे डॉक्टर कधी येणार. आलेत, मी म्हटलं. मग त्यानं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो फोन घेऊन बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, “मॅडम, सगळे म्हणायलेत पुढं न्यावं.”

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगते. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. आत मेंदू, थोडं पाणी आणि थोडं रक्त, सगळं मोजून मापून बसवलेलं. त्यात चमचाभर रक्त जास्तीचं सांडलं तरी डबा काही फुगत नाही, मेंदूच चेंगरतो. म्हाताऱ्यांच्यात हे रक्त हळूहळू झिरपतं, पातळ होतं आणि एका बाजूनं दाबत राहतं. उपाय मात्र सोपा, कवटीला दोन भोकं पाडायची आणि ते बाहेर काढायचं. मी मुलाला स्कॅनवरची काळपट चंद्रकोर दाखवली आणि म्हटलं, न्यायचं तर न्या, मी अडवणार नाही. पण तुमचे वडील सकाळी बोलत होते आणि आता बोलत नाहीत, तेवढं लक्षात ठेवून न्या. त्यानं बापाकडं बघितलं आणि खाली बसला.

भोक पाडल्यावर काकवीसारखं काळपट पाणी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं डोळे उघडून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कोणाची गं तू?”

“घाटनांदूरच्या गँगमनची.”

“बरं. माझं धोतर कुठं हाय?”

पुढं त्यानंही आडनाव विचारलं. पण तोवर त्याच्या डोक्यात दोन भोकं माझ्या हातची होती, त्यामुळं त्याला फारसं काही करता आलं नाही. दर हंगामात त्याच्याकडून हुरडा येतो आणि मी तो आनंदानं खाते.

पण खरी गोष्ट मंगलची आहे.

मंगल आणि तिचा नवरा भास्कर आष्टी तालुक्यातले. दिवाळी झाली की टोळीबरोबर माजलगावच्या बाजूला ऊस तोडायला यायचे. तोडणाऱ्यांत दोन तऱ्हा असतात. ज्यांच्याकडं बैलगाडी आहे ते गाडीतून ऊस नेतात. ज्यांच्याकडं नाही ते मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकला टेकवलेल्या लाकडी फळीवरून वर चढतात. या दुसऱ्या तऱ्हेला ‘डोकी सेंटर’ म्हणतात. मी डोक्याची डॉक्टर असल्यामुळं या नावाकडं दुर्लक्ष करणं मला कधी जमलं नाही. पुरुष खाली मोळी उचलून देतो आणि बहुतेक वेळा बाई ती डोक्यावर घेऊन फळी चढते. सगळं ओझं मानेवर, आणि पायाखाली वीतभर लाकूड.

त्या दुपारी फळी सटकली आणि मंगल मोळीसकट डोक्यावर पडली. दवाखान्यात आली ती मोटरसायकलवरून. पुढं गाडी चालवणारा, मागं भास्कर आणि मधोमध मंगल, बसलेली, मान खांद्यावर टाकून. मी आयुष्यात फार ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. मानेला मार लागलेल्या माणसाला बसवणं हीच मोठी चूक, आणि यांनी तिला उसाच्या फडातून खड्ड्याखड्ड्यांनी बसवून आणलं होतं. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड दोर जातो. हात, पाय, श्वास, लघवी, सगळ्याच्या तारा त्या एका दोरात. मणका मोडला तर जोडता येतो, दोर तुटला तर मला तो जोडता येत नाही आणि मुंबईतल्या सरांनाही येत नाही. म्हणून आधी मान जागच्या जागी धरायची, बाकी सगळं नंतर.

तिला पालथं-उताणं न करता, आम्ही पाच-सहा जणांनी एका दमात सरळ उचलून आत घेतलं. ती शुद्धीवर होती. दंड वर होत होते, बोटांत जीव कमी होता. पाय हलत नव्हते. पायाच्या अंगठ्याला हात लावला तर काहीतरी लागतंय, एवढंच ती सांगत होती. ते ‘काहीतरी’ ऐकून मला हायसं वाटलं, कारण दोर चेंगरला होता पण पूर्ण तुटलेला नव्हता. भास्करला विचारलं, पडल्यापासूनच पाय हलत नाहीत का.

तो दाराकडं बघत म्हणाला, “पडल्यावर हालवत होती मॅडम. मंग मुकादमानं पाय लावला.”

बाहेरच्यांसाठी सांगते. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर येऊन जन्मलेल्या माणसाला पायाळू म्हणतात. कोणाच्या पाठीत उसण भरली, मान लचकली, की पायाळू माणसाला बोलावतात. त्यानं दुखऱ्या जागी पाय लावून हलकेच झटका दिला की उसण जाते, असा समज आहे. साध्या लचकेला त्यानं काही बिघडत नाही, कारण ती आपोआप जाणारच असते. त्यांच्या टोळीचा मुकादम पायाळू होता. टोळी जमवणारा, कामाला लावणारा, भांडणं मिटवणारा आणि लोकांच्या उसणी काढणारा, सगळं तोच. मंगलची मान लचकली असं समजून त्यानं फडातच तिला पालथं केलं आणि मानेवर पाय ठेवून झटका दिला.

मागोमाग आलेला मुकादम दाराशीच उभा होता. चांगला धिप्पाड माणूस, पण चेहरा उतरलेला. मला वाटलं होतं हा आता दुसऱ्या कोणावर तरी ढकलेल. त्यानं तसं केलं नाही. सरळ विचारलं, “बाई, माझ्या पायानं झालं का हे?”

मी म्हटलं, “पडल्यानं झालं की पायानं, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. पण तुम्ही परत कोणाला पाय लावू नका.”

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, जीप मागवलीय, हिला पुण्याला पुढं नेतो, लागेल ते करतो. आले का परत ते शब्द. या वेळी ते टाळाटाळीतून आले नव्हते, पस्तावलेल्या माणसाच्या तोंडून आले होते, म्हणून त्यांना उत्तर देणं जास्त अवघड होतं.

एक्स-रेत दिसत होतं की मानेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढं सरकून अडकला आहे. गंमत बघा, सगळे तिला पुढं न्या म्हणत होते आणि तिचा मणका आधीच पुढं गेला होता. तो मागं आणणं हे माझं काम होतं, आणि जितक्या लवकर आणावा तितका दोर वाचण्याचा संभव जास्त. त्यासाठी कानांच्या वर, कवटीच्या दोन्ही बाजूंना एक लोखंडी चिमटा स्क्रूनं बसवतात, त्याला दोरी बांधून कप्पीवरून वजन सोडतात आणि हळूहळू मान ताणतात. माणूस जागा असावा लागतो. वजन वाढवायचं, बोटं हलवून बघायची, एक्स-रे काढायचा, परत वाढवायचं. आमच्याकडं तेव्हा एमआरआय नव्हता. मोठ्या गावात आधी तो काढतात. माझ्याकडं त्याऐवजी जागी असलेली, बोलणारी मंगल होती. ताणताना दोर चेंगरायला लागला तर ती मला आधी सांगणार होती.

धोका होता. पाय कायमचे जाऊ शकत होते, श्वासही जाऊ शकत होता. इथं काही बरंवाईट झालं असतं तर ‘बाईनं उगाच ठेवून घेतलं’ म्हणत संध्याकाळपर्यंत माझ्या दवाखान्याची एक काच शिल्लक राहिली नसती, हे मला माहीत होतं. पुढं पाठवली असती आणि रस्त्यात गेली असती, तर मला कोणी एका शब्दानं विचारलं नसतं. ‘पुढं न्या’ हे शब्द एवढे लाडके का, ते यात आलं. मी भास्करला सगळं समजावलं. तो मुकादमाकडं बघत होता, मुकादम माझ्याकडं.

“मला इचारा की,” मंगल पलंगावरून म्हणाली. “मान माझी हाय.”

मग मी तिला सांगितलं. तिनं एकच गोष्ट विचारली, पुढं नेल्यावर ते काय करतील. मी म्हटलं, तिथं यंत्रं जास्त आहेत, माणसंही जास्त आहेत. पण करतील बहुतेक हेच, आणि ते रात्र झाल्यावर.

“मंग हितंच करा,” ती म्हणाली. “मला परत गाडीत बसायचं न्हाई.”

चिमटा बसवला आणि लक्षात आलं की वजनं कमी पडणार. आमची निम्मी वजनं पलीकडच्या खोलीत मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला टांगलेली होती. मुकादम अजून दाराशीच होता. त्याला म्हटलं, मोंढ्यात जा, कोणत्याही आडतीवर जुनी लोखंडी वजनं पडलेली असतील, मिळतील तेवढी घेऊन या. आता सगळीकडं इलेक्ट्रिक काटे आल्यामुळं ती वजनं दारं अडकवायला वापरतात. तो पोतं भरून घेऊन आला. ज्वारी-तूर मोजलेल्या त्या गंजक्या वजनांना सिस्टरनं पिशव्यांत घातलं आणि आम्ही सुरुवात केली.

ताण वाढला तशी मंगल पलंगावर वर सरकायला लागली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या तरी सरकत होती. खालून कोणीतरी धरायला पाहिजे होतं. भास्कर तिच्या तोंडाशी बसून तिला बोलती ठेवत होता. खरं म्हणजे तीच त्याला बोलती ठेवत होती, कोपीतली, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या खोपटातली, चूल विझवली का, डबा कोणाकडं दिला, फळी कोणी नीट टेकवली नव्हती, सगळी चौकशी चालू होती. म्हणून मी मुकादमाला बोलावलं आणि तिचे घोटे घट्ट धरायला सांगितले. तो पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसला. उसण गेली की ज्या माणसाच्या पायापुढं लोक नारळ ठेवायचे, तो तिचे पाय धरून बसला होता, आणि त्याला ते कळत होतं. तो डोळे वर करत नव्हता.

वजन वाढवलं. एक्स-रे. अडकलेलाच. परत वाढवलं. मंगलनं दात आवळले. मी विचारलं, सहन होतंय का. व्हायलंय, म्हणाली. परत एक पिशवी अडकवली. त्या क्षणी मीही मनातल्या मनात म्हटलं की पाठवलं असतं तर बरं झालं असतं. ते खोटं कशाला सांगू.

मानेत काहीतरी खट्‌कन वाजलं. तिलाही कळलं, मलाही कळलं. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मंगलनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, गेलं सगळं.

“मुकादम,” ती डोळे न उघडता म्हणाली, “हात लई गार हायत तुमचे. जरा सोडा की पाय.”

एक्स-रेत मणका जागेवर होता. मुकादमानं पाय सोडले नाहीत, कारण मी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत असं मीच बजावलं होतं. तो त्या पायांवरच कपाळ टेकवून रडला. भास्करला काय झालंय तेच कळेना, तो सगळ्यांना विचारत सुटला. उजव्या पायाचा अंगठा हलला तो संध्याकाळी.

दोन दिवसांनी भूल देणारे डॉक्टर बीडहून आले आणि आम्ही गळ्याच्या बाजूनं जाऊन मणक्यांना धातूची पट्टी ठोकली. मंगल उठून बसली, मग धरून उभी राहिली, पावसाळ्यात काठीवर चालायला लागली. उजव्या हाताची मूठ मात्र पूर्ण आली नाही. तिला कोयता धरता येत नाही. फडातल्या त्या पहिल्या तासात तिला कोणी नीट उचललं असतं तर ती मूठही आली असती का, हे मला अजून वाटत राहतं.

वाटत राहण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून त्या वर्षीपासून हंगाम सुरू झाला की मी रविवारी कोप्यांवर जाते. आपल्याकडं उचलायला शिकवायला लागत नाही. ऊस भरणारी माणसं एका आवाजावर एकत्र जोर लावतात, तेवढंच तर हवं असतं. फक्त मोळीच्या जागी माणूस. ज्या फळीवरून चढतात तीच फळी काढायची, माणसाला ओंडक्यासारखं एकसंध वळवून तिच्यावर घ्यायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फडक्यात गुंडाळलेल्या विटा, कपाळावरून लुगड्याची पट्टी. तोंडात पाणी घालायचं नाही, बसवायचं नाही, चोळायचं नाही. पहिल्या वेळी पडलेला माणूस म्हणून मुकादमालाच झोपवलं. लोक खो-खो हसले. काठी टेकत मंगल मध्ये उभी होती आणि हुकूम सोडत होती. टोळीत आता तेच तिचं काम झालंय, कोणाला काही लागलं की आधी मंगलला हाक.

मी सगळ्यांना इथंच ठेवते असं नाही. जे माझ्या हातात नाही ते मीही पाठवते, पण आधी फोन करून, श्वासाची नळी घालून, सोबत माणूस देऊन. आपल्या दारातली बला टळावी म्हणून बोललेले ते दोन शब्द माझ्या दवाखान्यात कोणी उच्चारले तर सिस्टर त्याच्याकडं अशी बघते की तो परत उच्चारत नाही.

मागच्या हंगामात एका दुपारी फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत फळीवर एक माणूस बांधलेला, कपाळावरून हिरवी पट्टी, दोन्ही बाजूंना विटा. मी धावत बाहेर गेले आणि आधी त्याचे पाय बघितले. हलत होते. मुकादम एका बाजूनं फळी धरून बसला होता. जखमी माणसाचा भाऊ त्या सकाळीच गावाकडून आला होता, तो तावातावानं म्हणत होता की हा एवढासा दवाखाना, इथं काय होणार, गाडी वळवा आणि पुढं न्या. मी काही बोलायला तोंड उघडलं.

मंगलनं काठीनं ट्रॉलीचा पत्रा वाजवला.

“पुढं कावून?” ती त्याला म्हणाली. “आलो की पुढं. ह्येच पुढं हाय. उतरवा.”

आणि मुकादमानं आवाज दिला, आणि सगळ्यांनी एका दमात उचललं.